हरितगृह आणि बंदिस्त खोलीतली शेती : विजेचं बिल कमी करायचं की लाइट गेल्यावर तगायचं?

वाफसा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

माझ्याकडे साधारण १००० चौरस मीटरचं हरितगृह आहे. एकपदरी प्लास्टिक, फॅन-पॅड (एका बाजूला ओला पॅड, समोर हवा ओढणारे पंखे), कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) टोमॅटो आणि काकडी. उन्हाळा कडक, हिवाळ्यात रात्री चांगलीच थंडी. शेजारी ४० चौरस मीटरची एक पक्की खोली रिकामी आहे. तिथे चार मजली रॅक लावून रोपवाटिका आणि थोडं लेट्यूस करायचा विचार आहे, पूर्ण एलईडीवर.

सल्लागारांना विचारलं तर प्रत्येकाचं एकच पालुपद : सगळं हवाबंद करा, एलईडी लावा, छतावर सोलर टाका, बिल शून्य. पण आमच्याकडे वीज जाते, आणि जाते तेव्हा तासन्‌तास जाते. हवाबंद केलेल्या घरात वीज गेली तर काय, या प्रश्नावर सगळे "जनरेटर घ्या" म्हणून मोकळे होतात. पैसा मर्यादित आहे. आधी काय, नंतर काय, आणि कशाच्या वाट्याला जायचंच नाही, एवढं सांगा.

अर्धा अँपियर

खोलीपासून सुरुवात करतो, कारण तिथला हिशेब स्वच्छ आहे. चारही भिंती बंद, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते मोजता येतं.

लेट्यूसला पानाच्या पातळीवर २५० मायक्रोमोल (दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) प्रकाश, रोज १६ तास, असं धरा. दिवसाचे झाले १४.४ मोल प्रति चौरस मीटर. चांगला एलईडी दिवा एका ज्यूलला ३ मायक्रोमोल देतो. म्हणजे ४.८ मेगाज्यूल, म्हणजेच १.३३ युनिट प्रति चौरस मीटर प्रति दिवस. जुना सोडियमचा दिवा जेमतेम १.७-१.८ देतो, त्याच्यावर हाच आकडा सव्वादोन युनिटच्या पुढे जातो.

तुमच्या खोलीत निम्मी जागा ये-जा करायला गेली तरी चार मजले मिळून ८० चौरस मीटर लागवड होईल. दिव्यांचा भार साधारण ६.७ किलोवॅट आणि रोजचे १०७ युनिट.

आता खरी गोम. या १०७ युनिटांपैकी पानात साखर म्हणून साठतात ते अगदी थोडे टक्के. बाकी सगळी उष्णता. त्यातली मोठी वाटणी झाड घाम गाळून बाहेर टाकतं. खोलीतून रोज शंभर लिटर पाण्याची वाफ झाली असं धरलं, तर एका लिटरला ०.६८ युनिट या दराने ६८ युनिट वाफेच्या रूपात हवेत गेले. ती वाफ परत पाणी करून बाहेर काढणं हे एसीचं खरं काम. लोक एसी निवडताना फक्त तापमान बघतात, आणि दिवे बंद झाले की खोली थंड, एसी थांबलेला, आर्द्रता ९५ टक्के, सकाळी पानांवर बुरशी. त्यामुळे आर्द्रताशोषक यंत्र वेगळं लागतं, किंवा दुसरा उपाय असा की दिव्यांचे तीन गट करायचे आणि प्रत्येक गटाचे सोळा तास आधीच्या गटानंतर आठ तासांनी सुरू करायचे, म्हणजे कधीही दोनच गट चालू. खोलीवरचा भार चोवीस तास सपाट राहतो, एसी दोन तृतीयांश क्षमतेचा पुरतो आणि मंजूर भारही कमी घ्यावा लागतो. या एका बदलाला यंत्र लागत नाही, टायमर लागतो.

कोपऱ्यातला

वाचनखूण साठवली. पण एक शंका. दिव्यांची कार्यक्षमता अजून किती वाढणार? थांबावं का दोन-तीन वर्षं?

अर्धा अँपियर

थांबण्यात अर्थ नाही. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे : एका ज्यूलमध्ये ५.५ मायक्रोमोलपेक्षा जास्त बसतच नाहीत. निळ्याला तर ३.८ च्या आतच. बाजारातले चांगले दिवे ३ ते ३.५ वर आले आहेत. म्हणजे पूर्वीसारखी दुपटीची उडी आता शिल्लक नाही. यापुढची बचत दिव्यात कमी आणि प्रकाश कुठे पडतो यात जास्त आहे. वाटेवर पडलेला प्रकाश फुकट. रोपं लहान असताना मोकळ्या ट्रेवर पडलेला प्रकाशही फुकट. म्हणून रोपं आधी दाटीने ठेवून मग अंतर वाढवायचं. भिंतीला पांढरा रंग द्या. चकचकीत फॉइलपेक्षा साधा मॅट पांढरा बरा.

शून्यमध्यम

मी जरा कडू बोलतो. लेट्यूस सोडा वाफसाराव.

सूर्य फुकट मिळतो. तो अडवायचा, पॅनेलवर त्यातल्या एक पंचमांशाची वीज करायची, त्या विजेचा पुन्हा प्रकाश करायचा आणि मग त्याची उष्णता बाहेर काढायला आणखी वीज घालायची. दिव्यांवर बंदिस्त शेती करणाऱ्या कंपन्या बघा : जर्मनीतल्या इनफार्मने नोव्हेंबर २०२२ मध्ये निम्म्याहून जास्त माणसं कमी केली. अमेरिकेतल्या एअरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बोअरी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद, प्लेंटी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत. यांच्याकडे पैसा कमी नव्हता, इंजिनिअर कमी नव्हते.

आणि हे "बंदिस्त शेती जगाचं पोट भरेल" म्हणणाऱ्यांसाठी ढोबळ गणित. एक किलो लेट्यूसला १० युनिट धरा. त्या किलोत ९५ टक्के पाणी, कोरडा माल फक्त ५० ग्रॅम. एक किलो गव्हात कोरडा माल ८८० ग्रॅम, शिवाय जवळपास तेवढंच काड. कोरड्या मालाच्या ५० ग्रॅमला १० युनिट या दराने गुणा : साडेतीनशे युनिट. एक किलो गव्हाला! आणि त्या गव्हात स्वतःत ऊर्जा असते चार युनिटांच्या आतबाहेर.

पानगळ

शून्यमध्यम, गहू कोण करतंय इथे? धागाकर्त्याने रोपवाटिका म्हटलंय. 🙂

आणि यादी अर्धवट दिलीत. अ‍ॅपहार्वेस्ट जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिची तर हरितगृहं होती. केंटकीमध्ये, सूर्यप्रकाशावरची. तेव्हा "दिव्यांमुळे बुडाले" एवढं सोपं नाही. कर्ज, विस्ताराची घाई, विक्री, सगळं त्यात आलं.

रोपवाटिकेचा मुद्दा वेगळा आहे. एका चौरस मीटरमध्ये शेकडो रोपं मावतात, दोन-तीन आठवडे ठेवायची असतात आणि एकेका रोपामागे वीज नगण्य पडते. कलम केलेल्या टोमॅटोला तर जोड भरेपर्यंत मंद प्रकाश आणि भरपूर आर्द्रता हवीच असते, ते उघड्या हरितगृहात सांभाळणं जिकिरीचं. बंद खोलीची खरी जागा हीच आहे असं माझं मत. लेट्यूस एका रॅकवर हौसेने करा, धंद्याचा पाया त्यावर नको.

शून्यमध्यम

रोपवाटिका मान्य. गव्हाचं मागे घेत नाही, दुसऱ्या कुणासाठी उपयोगी पडेल.

टोमॅटोवाली

वाफसा दादा, खोलीवर सगळे तुटून पडलेत. तुमची मोठी गळती हरितगृहात आहे.

थंडीच्या रात्रीचा हिशेब करा. जमीन १००० चौरस मीटर, पण छत आणि बाजू धरून आवरण दीड हजाराच्या घरात जातं. एकपदरी प्लास्टिकमधून एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला साधारण ६ वॅट निघून जातात. आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवायचा तर ९० किलोवॅट. दहा तासांच्या रात्रीचे ९०० युनिट! दुपदरी, मध्ये हवा भरलेलं प्लास्टिक घेतलं की ६ चे ४ होतात, म्हणजे रात्रीला ३०० युनिट उष्णता वाचली. त्याला चालतो तो एक चिमुकला ब्लोअर. ब्लोअरची हवा मात्र बाहेरून घ्या. आतली दमट हवा दोन पदरांत गेली की तिथे दव धरतं आणि प्रकाश जातो. दुसऱ्या पदरामुळे तसाही दहाएक टक्के प्रकाश कमी होतोच, तो हिशेबात धरा.

दुसरं म्हणजे रात्रीचा पडदा. साध्या पॉलिथिनमधून उष्णतेचे लांब लहरींचे किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री एकपदरी प्लास्टिकचं बंद हरितगृह बाहेरच्यापेक्षा थंड होऊ शकतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पहाटे दोन्हीकडे तापमापक ठेवून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा हे किरण परत खाली फेकतो. पडद्याने रात्रीची २० ते ४० टक्के उष्णता वाचते, आणि तोच पडदा उन्हाळ्यात दुपारी सावलीला. एकाच खर्चात दोन ऋतू. मी पहिला पैसा इथे घातला असता.

सकाळी पडदा सर्रकन उघडू नका. वरची थंडगार हवा धबकन पिकावर उतरते. आधी बोटभर फट, मग हळूहळू.

वाफसा

टोमॅटोवाली ताई, हे सोन्यासारखं आहे. रात्रीचं तापमान मी ठरलेल्या एका आकड्यावर धरून ठेवतो. ते सैल सोडलं तर चालतं का?

टोमॅटोवाली

चालतं. टोमॅटो घड्याळाच्या काट्यावर जगत नाही, चोवीस तासांची सरासरी त्याला महत्त्वाची. दुपारी ऊन असेल तर लगेच खिडक्या न उघडता दोन-तीन अंश वर जाऊ द्या, ती कमाई रात्री कमी तापवून वसूल करा. ढगाळ दिवशी उलट : प्रकाशच नाही तर रात्री तापवून झाडाला नुसतं धापा टाकायला लावू नका. फक्त फुलोऱ्यात रात्र फार खाली जाऊ देऊ नका, परागीकरण बिघडतं. डच लोकांनी ही पद्धत पडदा आणि आर्द्रता नियंत्रणाशी जोडून चांगली बसवली आहे. नाही तर पूर्वी तिकडेही आर्द्रता घालवायला तापवायचं आणि त्याच वेळी खिडकी उघडी ठेवायची, असा दुहेरी कारभार होता.

निशिगंध

डच लोकांचं कौतुक पुरे. 😀 गॅसवर वीज करायची, उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड हरितगृहात सोडायचा, उरलेली वीज विकायची. यंत्रणा सुंदर. २०२१-२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा कित्येकांनी लागवड पुढे ढकलली, दिवे बंद ठेवले, काहींनी घरं रिकामी ठेवली.

उलट टोक बघायचं तर स्पेनचं अल्मेरिया. तीसेक हजार हेक्टर प्लास्टिक, बहुतेक ठिकाणी तापवणं नाहीच, वारा आणि चुना. उन्हाळ्यात छतावर चुन्याचा पांढरा हात. तिथे छतं इतकी आहेत की १९८३ ते २००६ च्या नोंदींत त्या पट्ट्यातलं तापमान दर दशकाला ०.३ अंशाने घटलेलं आढळलं, आजूबाजूला वाढत असताना.

तिसरं उदाहरण चीनच्या लिआओनिंगचं. उत्तरेकडे जाडजूड मातीची भिंत, दक्षिणेकडे प्लास्टिक, रात्र झाली की वरून गवताची चटई किंवा रजई उलगडायची. दिवसभर भिंत तापते, रात्रभर सोडते. कडाक्याच्या थंडीतही न तापवता भाजी निघते. १९८० च्या दशकात हे पसरलं. यात बिघडायला काय आहे? चटई उलगडायची मोटर. ती बिघडली तर हाताने ओढा.

मला वाफसांच्या धाग्याचं उत्तर या तिघांच्या तुलनेत दिसतं. सगळ्यात तोलून-मापून चालणारं घर भावाच्या एका धक्क्याला हललं. भिंतवाल्याचं चाललं.

जुना वायरमन

आता माझा प्रांत आला. वरचं सगळं वाचलं. बचतीचं सगळे बोलले, तगण्याचं कुणीच नीट नाही. या दोन गोष्टी एक नाहीत, कधी कधी एकमेकींच्या उरावर बसतात. घर जितकं हवाबंद, तितकं यंत्रावर जास्त अवलंबून. म्हणून मी कुठल्याही यंत्रणेला एकच प्रश्न विचारतो : मेन स्विच खाली केला तर पीक किती वेळ तग धरेल?

हरितगृहाचं बघा. भर दुपारी ८०० वॅट ऊन, त्यातलं ७० टक्के आत, म्हणजे ५६० वॅट दर चौरस मीटरला. निम्मं झाडांच्या बाष्पात गेलं तरी २८० वॅट हवा तापवायला उरले. चार मीटर उंचीची हवा वजनाने पाच किलोही भरत नाही. कागदावर दर मिनिटाला साडेतीन अंश. प्रत्यक्षात माती आणि सांगाडा बरंच शोषतात, तरी फॅन बंद आणि बाजू बंद अशा घरात पाव-अर्ध्या तासात काम तमाम होतं. सूर्याला स्विच नाही.

आता खोली. लाइट गेली की दिवे गेले, म्हणजे उष्णताही गेली. रोप अंधारात एक-दोन दिवस निमूट काढतं. म्हणजे जी जागा सगळ्यात यांत्रिक, तीच लाइट गेल्यावर जास्त शांत. फक्त मुळांना पाणी आणि हवा हवी.

कोपऱ्यातला

हे भारी आहे. मी उलटंच धरून चाललो होतो.

जुना वायरमन

थांबा, खोलीचा धोका दुसरीकडे आहे. लाइट पूर्ण गेली तर ठीक. एसी एकटा ट्रिप झाला आणि दिवे चालू राहिले तर? ६.७ किलोवॅटची शेगडी १२० घनमीटर हवेत. सुरुवातीला मिनिटाला पावणेतीन अंश. म्हणून दिव्यांच्या कॉन्टॅक्टरला (दिव्यांची लाइन जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) एक स्वतंत्र थर्मोस्टॅट जोडा. कंट्रोलरमधून नको, मोबाइल अ‍ॅपमधून तर नकोच. ३२ अंशांना दिव्यांची लाइन तोडेल आणि हाताने रीसेट केल्याशिवाय परत येणार नाही असा. सगळ्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त वस्तू ही, आणि कोटेशनमध्ये नेमकी तीच नसते.

मुळांचं : फवाऱ्यावर लटकणारी मुळं असतील तर हातात मिनिटं असतात. पाइपातल्या पातळ धारेवर उन्हाळ्यात तासभर. तरंगत्या पाट्यांच्या टाकीत काही तास, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो (२० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० ला ७.६), म्हणून टाकी थंड ठेवा. कोकोपीटची पिशवी कडक उन्हात अर्धा दिवस निभावते. माती कित्येक दिवस. वाफसांनी कोकोपीट घेतलंय हे बरं केलंय, त्यावर एक उंच टाकी बांधा. ठिबक गुरुत्वाकर्षणाने चालेल असे कमी दाबाचे ड्रिपर निवडा. टाकीला डिझेल लागत नाही.

वाफसा

आणि फॅन-पॅडचं काय? तेच माझं दुखणं आहे.

जुना वायरमन

बाजूचे पडदे. फॅन-पॅडचं घर असलं तरी दोन्ही बाजू गुंडाळता येतील अशा करून घ्या, हाताने फिरवायच्या गिअरवर. छताला झडप असेल तर सोन्याहून पिवळं. मोटर लावलीत तर २४ व्होल्ट डीसीची, बॅटरीवर चालणारी, आणि फेज गेला की आपोआप उघडेल अशी जोडणी. लाइट गेल्यावर दार उघडंच राहिलं पाहिजे, बंद नव्हे. थंडीच्या रात्री हे उलट होतं म्हणून हिवाळ्यात ती जोडणी काढण्यासाठी एक सिलेक्टर स्विच ठेवा.

कीटकजाळी असेल तर लक्षात ठेवा, बारीक जाळी वारा अडवते. उघडी जागा तेवढ्या प्रमाणात वाढवावी लागते, आणि जाळी धुवावी लागते.

अर्धा अँपियर

वायरमन काका, फॅनबद्दल थोडी भर घालू का?

फॅनला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. ८० टक्के वेगावर निम्मी वीज. दोन फॅन निम्म्या वेगाने चालवले तर एका पूर्ण फॅनइतकीच हवा मिळते आणि वीज कागदावर पाव. म्हणून एक फॅन चालू-बंद करण्यापेक्षा सगळे हळू चालवणं परवडतं, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर. अडचण अशी की फॅनपुढच्या वाऱ्याने उघडणाऱ्या झडपा कमी वेगाला नीट उघडत नाहीत आणि मग घनाचा नियम कागदावरच राहतो. आणि व्हीएफडीच्या आधी पट्टा ताणा, झडपांना तेल द्या, पात्यांची धूळ पुसा. हे फुकट आहे.

पॅडची मर्यादाही ओळखून असा. पॅड हवेला ओल्या तापमापकाच्या (फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेला; हवा जितकी कोरडी तितका त्याचा आकडा खाली) दिशेने साधारण ८० टक्के नेतो. बाहेर ३८, ओला तापमापक २२ असेल तर आत हवा २५ ने येईल, झकास. बाहेर ३२ आणि ओला २७ असेल तर २८ च्या खाली काही केल्या जाणार नाही. अशा दमट दिवशी पॅडवर पाणी फिरवून चारच अंशांचा थंडावा मिळतो आणि आर्द्रता मात्र चढते. तेव्हा पंप बंद, नुसते फॅन.

पानगळ

एक राहिलं. कुणी हरितगृहात सोडियमचे दिवे काढून एलईडी लावणार असेल तर : सोडियमचा दिवा पानावर उष्णताही फेकतो. ती गेली की पान हवेपेक्षा थंड पडतं, वाढ मंदावते, आणि मग हवा एक-दोन अंश जास्त तापवावी लागते. दिव्यांची बचत कागदावर जितकी दिसते, तितकी सगळी हाताला लागत नाही.

कोपऱ्यातला

सोलरवर कुणी बोलेल का? धाग्यात "बिल शून्य" लिहिलंय.

शून्यमध्यम

बोलतो की, आवडता विषय.

खोलीचे दिवे १०७, एसी आणखी ३६, आर्द्रता-पंप-पंखे मिळून पंधराएक. दिवसाला १६० युनिट धरा. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं मानलं तर ४० किलोवॅट, म्हणजे २०० चौरस मीटर पॅनेल. खोली आहे ४० ची. खोलीच्या पाचपट छत कुठून आणणार? आणि ते हरितगृहाच्या छतावर टाकलं तर खालचा टोमॅटो सावलीत. प्रकाश एक टक्का घटला की उत्पन्न साधारण एक टक्का घटतं, हा जुना आडाखा आहे, थंडीच्या अंधाऱ्या दिवसांत तर तो चांगलाच लागू पडतो. खोली फक्त रोपवाटिकेपुरती, एका-दोन रॅकची ठेवली तर गोष्ट वेगळी.

जुना वायरमन

आणि त्याहून मोठी गोष्ट, जी सोलरवाला सांगत नाही. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद पडतो. भर उन्हात, पॅनेल चकाकत असताना. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती सोय सक्तीची असते. तेव्हा तगण्यासाठी सोलर हवं असेल तर बॅटरीला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. सगळा भार त्याच्यावर टाकू नका. खोलीतला हवापंप आणि एक छोटा पंखा मिळून दीडशे-दोनशे वॅट. दहा तासांचे दोन युनिट. कंट्रोलर आणि अलार्म त्यात मावतो. एवढ्याला बॅटरी परवडते. एसी आणि दिवे बॅटरीवर घेऊ नका, वर सांगितलं तसं त्यांची तेव्हा गरजच नसते.

वाफसा

म्हणजे जनरेटर नकोच?

जुना वायरमन

हरितगृहाच्या फॅनसाठी हवा, पण बाजू उघडता येत असतील तर लहान पुरतो. घेतलात तर महिन्यातून एकदा खऱ्या भारावर चालवून बघा. रिकामा घुरघुरवून बंद करणं म्हणजे चाचणी नव्हे. ऐनवेळी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण इंजिन नसतं, स्टार्टरची बॅटरी असते.

लाइट परत येते तेव्हाही काळजी. सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर चालू प्रवाहाच्या पाच-सात पट झटका बसतो. प्रत्येक स्टार्टरला वेगवेगळा टाइम डिले द्या, दहा-दहा सेकंदांचा. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) तुमच्याकडे असेलच, त्यात फेजचा क्रम बघणारा रिलेही आहे का ते तपासा. लाइनचं काम झाल्यावर दोन फेज उलटे जोडले गेले तर फॅन उलटा फिरतो. आवाज तोच, अँपियर जवळपास तेच, हवा मात्र नीट ओढली जात नाही, आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो.

अलार्मचं : तापमानाचा अलार्म वाय-फायवर ठेवू नका. राउटरची लाइट गेली की अलार्म मुका. स्वतःची बॅटरी आणि सिमकार्ड असलेला घ्या. "लाइट गेली" हा एक मेसेज आणि "तापमान ३८ च्या वर" हा दुसरा, दोन्ही वेगळे हवेत.

टोमॅटोवाली

काका, दुपदरी प्लास्टिकच्या ब्लोअरलाही त्या बॅटरीवर घ्या हो. ब्लोअर थांबला की प्लास्टिक सैल होतं, आणि वारा असेल तर फडफडून फाटतं. वादळात लाइट जाते आणि वादळातच ब्लोअर लागतो.

जुना वायरमन

बरोबर, घेतला. शंभर-दीडशे वॅट आणखी.

निशिगंध

थंडीच्या बाजूने पण एक बिनविजेची भर. काळे पाण्याचे पिंप उत्तर बाजूला. १००० लिटर पाणी एक अंश थंड होताना १.१६ युनिट सोडतं. दहा अंशांना साडेअकरा युनिट. तुमच्या ९०० युनिटांपुढे ते किरकोळ आहे, म्हणून हरितगृहभर मांडू नका. पण कोपऱ्यात रोपांचा छोटा बोगदा केला आणि त्यात पिंप ठेवले, तर त्या बोगद्यापुरते पुरेसे होतात. सगळं घर वाचवण्यापेक्षा वाचवण्याजोगा कोपरा आधीच ठरवून ठेवा.

वाफसा

मंडळी, दंडवत. मी माझा क्रम लिहितो, चुकत असेल तर झोडा.

आधी हाताने फिरणारे बाजूचे पडदे आणि उंच टाकी. पट्टे, झडपा, धूळ हे याच आठवड्यात. मग आतला पडदा, सावली आणि थंडी दोन्हीला. प्लास्टिकची मुदत संपली की पुढचं दुपदरी घालायचं, आता फाडायचं नाही. खोलीत दोनच रॅक, फक्त रोपं, दिवे पाळ्यांत, वेगळा थर्मोस्टॅट. सोलर छोटं, बॅटरीसह, त्यावर हवापंप, ब्लोअर आणि अलार्म. मोठं सोलर आणि लेट्यूस बाद.

शून्यमध्यम

लेट्यूस बाद! आता माझी झोप चांगली लागेल.

अर्धा अँपियर

क्रम ठीक. फक्त सगळ्याच्या आधी मीटर लावा. फॅन, पंप, खोली यांना वेगवेगळे साधे ऊर्जामीटर, आणि महिनाभर रोज सकाळी आकडा लिहा. पडदा बसवल्यावर किती वाचलं हे त्याशिवाय कळणार नाही. बिलावर युनिटांबरोबर केव्हीए मागणीही (महिन्यात एका वेळी घेतलेला सगळ्यात जास्त भार) लिहिलेली असते, ती बघा. कित्येकदा एकाच वेळी चालणाऱ्या दोन मोटरी तिथे महिनाभराचा आकडा चढवून ठेवतात.

कोपऱ्यातला

वायरमन काका, तो थर्मोस्टॅट दिव्यांच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये घ्यायचा ना? आणि सेन्सर एसीच्या झोतात लावू का?

जुना वायरमन

कॉइलला सिरीजमध्ये, बरोबर. झोतात अजिबात नको. सगळ्यात वरच्या मजल्याच्या दिव्यांच्या वर, छताखाली, जिथे गरम हवा साचते तिथे. आणि लावल्यावर हेअर ड्रायरने तापवून एकदा दिवे खरंच जातात का ते बघा.